मूल्य म्हणून ‘सुरक्षा’ लिहावे, ‘सुरक्षितता’ की ‘अभय’?

प्रश्न : न्याय, करुणा, समता अशा सामाजिक मूल्यांच्या यादीत ‘सुरक्षा’ हा शब्द खटकतो. तेथे ‘संरक्षण’ किंवा ‘सुरक्षितता’ अधिक योग्य ठरेल काय?

उत्तर : ‘सुरक्षा’ आणि ‘संरक्षण’ या दोहोंत ‘रक्ष्’ हा धातू आहे. दोन्ही शब्द मुळात कृती सांगतात, आणि त्या कृतीला राखणारा, राखला जाणारा आणि ज्याच्यापासून राखायचे तो, असे तिघे लागतात. ‘सुरक्षेच्या कारणास्तव प्रवेश बंद’ या सरावाच्या वाक्यात मात्र तिघांपैकी एकाचाही पत्ता नसतो. ‘कोणाची सुरक्षा?’ असे विचारताच विषय न्यायाकडे वळतो, कारण एकाच्या सुरक्षेसाठी दुसऱ्याची वाट अडवायची असेल, तर ते कोणी व कशाच्या आधारावर ठरवले हे सांगणे भाग पडते.

‘सुरक्षितता’ हे भाववाचक नाम असून ते स्थिती दाखवते. ज्या ‘सिक्युरिटी’ या इंग्रजी शब्दासाठी आपण ‘सुरक्षा’ योजतो, त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थही ‘काळजीविना’, म्हणजे जवळजवळ आपला ‘निश्चिंत’, असा आहे. त्यात पहारेकरी कोठेच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या १९९४ च्या मानव विकास अहवालाने ‘मानवी सुरक्षा’ मांडताना अन्न, आरोग्य, उपजीविका आणि पर्यावरणही त्यात धरले, ते या स्थितिवाचक अर्थाशी जुळणारे आहे. मराठीत इतका विस्तार पेलणारा जुना शब्द ‘योगक्षेम’ आहे : जे नाही ते मिळणे हा योग, आणि मिळालेले टिकणे हा क्षेम. पत्रातल्या ‘क्षेमकुशल’पुरता तो उरला, हे आपले नुकसानच.

शंका : मग ‘अभय’ का नको? गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची यादी अभयापासूनच सुरू होते, आणि पुढच्याच श्लोकात भूतदयाही येते.

उत्तर : तेथील अभय हा साधकाचा स्वतःचा गुण आहे. व्यवहारातले अभय मात्र आपण ‘देतो’ किंवा ‘मागतो’, आणि त्यामुळे देणारा वर व घेणारा खाली राहतो. त्यात करुणा निश्चित आहे, पण देणाऱ्याचे मन फिरले तर घेणाऱ्याच्या हाती काही उरत नाही. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील तिसऱ्या कलमात जीवित व स्वातंत्र्याबरोबर व्यक्तीची सुरक्षितता, आणि बाविसाव्या कलमात सामाजिक सुरक्षा, या गोष्टी हक्क म्हणून नोंदवल्या आहेत. हक्क ‘असतो’, तो कोणाच्या मर्जीवर सोडलेला नसतो. मात्र करुणा येथे बाहेरची पाहुणी आहे असे मला वाटत नाही. ‘अनुकंपा’ या शब्दात ‘कंप्’ हा धातू आहे, म्हणजे दुसऱ्याच्या थरकापाने आपणही कापणे. ज्याला ते भय जाणवतच नाही, त्याला कोणाचा हक्क डावलला गेला हेही सहसा दिसत नाही.

म्हणून यादीत ‘सुरक्षितता’ लिहावे. ‘सुरक्षा’ व्यवस्थेसाठी ठेवावा, आणि तो वापरताना त्याच्यामागे ‘कोणाची’ हे षष्ठीचे पद शक्यतो गाळू नये.