गुप्तवार्तेच्या देवाणघेवाणीला संसदेच्या कायद्याचे बंधन हवे का?

विजापूर रोडकर (धागाकर्ता)

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात १६६ माणसे मारली गेली. समुद्रमार्गे हल्ला होऊ शकतो, असे इशारे त्याआधीच आपल्या यंत्रणांकडे आलेले होते. पण ते एकत्र ठेवून, त्यांचा अर्थ लावून, किनाऱ्यावरच्या पोलिसाला नेमके काय करायचे हे सांगण्याची जबाबदारी कुणा एकावर नव्हती. कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीने समन्वयाची हीच उणीव दाखवली होती आणि त्यानंतर, २००१ साली, दिल्लीत मल्टी एजन्सी सेंटर (निरनिराळ्या यंत्रणांची गुप्तवार्ता एकत्र आणणारे केंद्र) स्थापन झाले, तरीही २००८ टळले नाही. पुढे ३१ डिसेंबर २००८ च्या आदेशाने या केंद्राने सर्व यंत्रणांना आणि सर्व यंत्रणांनी या केंद्राला माहिती देणे बंधनकारक झाले.

माझा आक्षेप असा की, हा सरकारी आदेश आहे, कायदा नव्हे. इंटेलिजन्स ब्युरोचा इतिहास १८८७ पर्यंत मागे जातो आणि रॉची स्थापना १९६८ सालची आहे, पण दोहोंचे अधिकार आणि कर्तव्ये ठरवणारा कायदा संसदेने आजवर केलेला नाही. माहिती केव्हा आली, कुणाकडे पाठवली, का रोखली, याची लेखी नोंद सक्तीची करणारा आणि ती नोंद संसदेच्या समितीला तपासता येईल असा कायदा झाला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

दक्षिण कसबा (वकील)

आपली कळकळ समजते, परंतु निदान अपुरे आहे. माहिती रोखल्याने जशी माणसे मरतात, तशी ती बेफिकिरीने वाटल्यानेही उद्ध्वस्त होतात. कॅनडाचे नागरिक माहेर अरार यांना सप्टेंबर २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या विमानतळावर अडवून पुढे सीरियात पाठवले गेले आणि तेथे त्यांचा छळ झाला. कॅनडाच्या पोलिसांनी त्यांच्याविषयीची चुकीची माहिती, वापरावर कोणतीही अट न घालता, अमेरिकेला दिलेली होती. २००६ साली चौकशी आयोगाने त्यांना निर्दोष ठरवले आणि २००७ मध्ये सरकारने माफी मागून १ कोटी ५ लाख कॅनेडियन डॉलर भरपाई दिली; आपल्याकडे असा माणूस दाद कुठे मागणार? माहिती अधिकार कायद्याच्या कलम २४ ने या यंत्रणांना मोठ्या प्रमाणावर वगळलेले आहे. देण्याची सक्ती आधी आणि देखरेख नंतर, हा क्रम मला मान्य नाही.

शिवाय पोलीस हा राज्यांचा विषय आहे. फेब्रुवारी २०१२ मध्ये केंद्राने राष्ट्रीय दहशतवादविरोधी केंद्राचा आदेश काढला, तेव्हा ते इंटेलिजन्स ब्युरोत ठेवून त्याला अटक व झडतीचे अधिकार दिले होते. अनेक मुख्यमंत्र्यांनी विरोध केला आणि तो योग्यच होता, कारण खबर गोळा करणाऱ्याच्या हाती बेडी देऊ नये.

अशोक चौक (निवृत्त पोलीस अधिकारी)

दोघांच्याही लेखनात पोलीस ठाणे दिसत नाही, म्हणून लिहितो. सोलापूरहून हैदराबादकडे निघालेली गाडी नळदुर्ग, उमरगा ओलांडून कर्नाटकात हुमनाबादला आणि पुढे तेलंगणात झहीराबादला पोहोचते, म्हणजे एका सकाळीत तीन राज्यांचे पोलीस येतात. या पट्ट्यात काम करताना दिल्लीच्या संदेशापेक्षा पलीकडच्या ठाण्यातल्या ओळखीच्या माणसाचा फोन अधिक उपयोगी पडत असे. बिनतारी संदेश येत, पण त्यांत बहुधा ‘सतर्क राहावे’ एवढेच असे. असा संदेश पाठवणाऱ्याची नोंद पूर्ण होते. नाकाबंदी कुठे लावायची आणि कुणाला शोधायचे, हे मात्र ठाणे अंमलदाराला कळत नाही.

२१ फेब्रुवारी २०१३ रोजी हैदराबादच्या दिलसुखनगरमध्ये स्फोट झाले तेव्हा आपल्या सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे केंद्रीय गृहमंत्री होते. राज्यांना आधीच कळवले होते, असे त्यांनी सांगितले. इशारा सर्वसाधारण स्वरूपाचा होता, असे आंध्रच्या मुख्यमंत्र्यांचे म्हणणे होते. दोन्ही म्हणणी एकाच वेळी खरी असू शकतात, आणि खरा रोग तोच आहे. कायद्याने सक्ती केली, तर आपला बचाव व्हावा म्हणून प्रत्येक जण प्रत्येक गोष्ट पुढे ढकलेल आणि महत्त्वाची खबर त्या ढिगाऱ्यात बुडेल. त्यामुळे माझा या मागणीला विरोध आहे.

विजापूर रोडकर

साहेब, हा धोका खरा आहे. म्हणूनच संदेशाची केवळ पोच न नोंदवता त्यात ठिकाण, काळ, माहितीची विश्वासार्हता आणि अपेक्षित कृती लिहिणे कायद्यानेच सक्तीचे करावे. अमेरिकेत ११ सप्टेंबरच्या हल्ल्यातील खालिद अल-मिहधार आणि नवाफ अल-हाझमी यांची नावे सीआयएला २००० सालापासून ठाऊक होती, तरी ती पाळत यादीत आली ऑगस्ट २००१ च्या अखेरीस. तेथे ओळखीचे फोन कमी नव्हते, पण ही दोन नावे कुणी, केव्हा पुढे पाठवायची याची जबाबदारीच निश्चित नव्हती. ओळखीवर चालणारी व्यवस्था तो अधिकारी बदलून गेला की संपते.

वकीलसाहेब, देखरेख नंतर असे मी म्हटलेले नाही. ब्रिटनने १९९४ च्या एकाच कायद्याने परदेशी गुप्तचर सेवेचे अधिकारही ठरवले आणि संसद सदस्यांची समितीही नेमली.

दक्षिण कसबा (वकील)

मग मसुद्यात समितीचे कलम पहिले असू द्या, आणि चुकीच्या माहितीमुळे ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाई मागण्याचा हक्क दुसरे. आपल्याकडे २०११ साली खासदार मनीष तिवारी यांनी या विषयावर खासगी विधेयक मांडले होते, ते कायद्यापर्यंत पोहोचले नाही. ही दोन कलमे असतील तर मी आपल्या बाजूने सही करीन. सक्तीचे कलम एकटेच पुढे आले, तर न्यायालयात त्याला आव्हान देणाऱ्यांत मी असेन.

अशोक चौक (निवृत्त पोलीस अधिकारी)

तिसरे कलम माझे घ्या: संदेश मिळालेल्या ठाण्याला ‘हा अपुरा आहे, अधिक तपशील द्या’ असे उलट विचारता आले पाहिजे, आणि त्याचे उत्तर ठरलेल्या तासांत मिळाले पाहिजे. माझ्या सेवेत खालून वर असा प्रश्न विचारणे हे धारिष्ट्य समजले जाई.