आयटीआय फिटर झालो, आता नेमकं काय शिकू?

परभणीकर_२२: आयटीआय फिटर झालो, वाळूज एमआयडीसीत तीन ठिकाणी इंटरव्ह्यू दिले, सगळे विचारतेत सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं कापायचं मशीन) येतं का, पीएलसी (मशीन आपोआप चालवणारा कंट्रोलर) येतं का. आमचे काका याच ट्रेडवर १९८५-८६ ला तिथं लागले, त्यांना नुसतं फाईल (कानस) मारून तुकडा करून दाखव म्हणले होते. कोर्सला पैसे घालावे का?

वाळूजवाला: ८५ ला बजाजचा प्लांट आला तेव्हा हाताला किंमत होती भाऊ. आता मशीन कापतंय, तुला ड्रॉइंग वाचता यावं, ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) देता यावा, मायक्रोमीटर, म्हणजे बारीक मापाचं साधन, नीट धरता यावा (अर्ध्या पोरांना तेच येत नाही). पीएलसी नंतर, आधी सीएनसी-व्हीएमसी (उभं सीएनसी मिलिंग मशीन) कर.

जालन्याचा_दादा: सगळीकडं सीएनसीच लागतं असं नाही बरं का. आमच्याकडं स्टीलमधी भट्टीवरचा जुना माणूस वितळलेल्या लोखंडाचा रस बघून माल कसा हाय ते सांगायचा, आता स्पेक्ट्रोमीटरचा (धातूत काय किती ते दाखवणारं यंत्र) रिपोर्ट वाचणारा लागतो, पण बियाणं कंपनीत उलटंच, कपाशीचं क्रॉसिंग (संकर) अजून हातानंच चालतंय, तिथं कोवळ्या कळीतले पुंकेसर न दुखवता काढणाऱ्या बाया अन् त्यांच्याकडून काम करून घेणारा सुपरवायझर, यांनाच मान.

लातूरची_ताई: मी टायपिंग ४० ची परीक्षा टाइपरायटर मशीनवर दिलेली, मशीन गेलं पण बोटं कामाला आली, आज टॅलीवर जीएसटी भरते. काकांची फाईल सोडू नको बाळा, बर (कापल्यावर राहिलेली धारदार कड) काढायला लागतेच की.

परभणीकर_२२: ताई, फाईल येते हो, मायक्रोमीटरचंच जरा कच्चं हाय.