मोडाच्या मुगाची कोशिंबीर दुपारपर्यंत पाणचट होते

प्रश्न

मी नागपूरला राहते आणि गेला महिनाभर मोड आलेले मूग, काकडी, टोमॅटो, गाजर व कांदा यांची कोशिंबीर डब्यात नेत आहे. सकाळी सातला केलेली कोशिंबीर दुपारी एकला उघडावी, तर तळाशी पाणी साचलेले असते आणि दाण्याच्या कुटाचा लगदा झालेला असतो. शिवाय ऊन वाढल्यापासून मोड बुळबुळीत होऊन त्यांना आंबूस वास येऊ लागला आहे. मूग रात्री भिजवून सकाळी उपसते आणि फडक्यात बांधून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तसेच ठेवते. माझे कोठे चुकते आहे? हीच कोशिंबीर 76 वर्षांच्या सासूबाईंनाही द्यावी, असे मनात आहे.

प्रतिसाद १

पाणी सुटते ते मिठामुळे. चिरलेल्या भाजीला मीठ लागले की तिच्यातील पाणी बाहेर ओढले जाते आणि सहा तासांत त्याचे तळे होते, त्यामुळे मीठ, लिंबू आणि कूट छोट्या डबीत वेगळे न्यावे व जेवायला बसताना कालवावे. टोमॅटोचा बियांचा गर काढून टाकावा. काकडी चोचवलेली असेल तर तिला चिमूटभर मीठ लावून दहा मिनिटांनी पिळून घ्यावी. ते पाणी मात्र फेकू नये, थालीपिठाचे पीठ त्यात फार छान भिजते. मूग धुतल्यावर कोरड्या पंचावर अर्धा तास पसरून ठेवावेत, कारण बरेचसे पाणी त्यांच्याबरोबरच डब्यात शिरते. हिंग-मोहरीची फोडणी घालत असाल तर ती गार करून घालावी.

प्रतिसाद २

वासाचे कारण वेळेत आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात मुगाला आठ तास भिजणे पुरते आणि फडक्यात दहा-बारा तासांत पुरेसे मोड येतात. चोवीस तास बांधून ठेवण्याची गरज थंडीत पडते. भिजवण्याआधी मूग निवडून फुटके दाणे काढावेत, कारण त्यांना मोड येत नाहीत आणि सडण्याची सुरुवात बहुधा तेथूनच होते. भिजूनही टणक राहिलेले गणंग दाणेही वेचावेत. एखादा दाताखाली आला तर सगळी चव जाते. फडके घट्ट पिळून घ्यावे आणि गाठोडे भांड्यात दडपून न ठेवता चाळणीत ठेवावे, म्हणजे हवा खेळती राहते. मोड आले की लगेच फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवावेत. वास आलेले मूग धुऊन वापरू नका, टाकून द्या.

प्रतिसाद ३

सासूबाईंना कच्चे मोड देऊ नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. ज्या उबेत आणि ओलाव्यात मोड फुटतात, त्यातच जंतूही झपाट्याने वाढतात. ते मुळात दाण्यावरच असू शकतात आणि कितीही धुतले तरी पूर्ण जात नाहीत. 2011 साली जर्मनीत मेथीच्या मोडांतून ई. कोलाय जंतूंची मोठी साथ पसरली होती आणि तिच्यात पन्नासहून अधिक माणसे दगावली होती. वृद्ध, लहान मुले, गर्भवती आणि प्रतिकारशक्ती कमी असलेली माणसे यांच्यासाठी मोड चांगले गरम वाफवून घ्यावेत. चाळणीत घालून, वाफ धरल्यापासून पाच-सहा मिनिटे ठेवले तर दाणा मऊ होतो पण मोडत नाही, आणि वयस्कर माणसांना चावायलाही तो सोपा जातो. उष्णतेने क जीवनसत्त्व थोडे घटते, म्हणून लिंबू मूग निवल्यावर पिळावे.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. काल सासूबाईंसाठी मूग वाफवले आणि त्यात किसलेले गाजर, ओले खोबरे व कोथिंबीर घातली. त्यांनी ते आवडीने खाल्ले. डब्यात कूट वेगळे नेले, तर भाजी दुपारी एकलाही कोरडी होती. हीच रीत मटकीला चालेल का?

प्रतिसाद २

चालेल. मटकीचा दाणा लहान असतो, म्हणून पाच मिनिटे झाली की एक दाणा चावून पाहा.