श्रवणयंत्र वापरणाऱ्या मित्राला बीटबॉक्सिंगच्या कार्यक्रमाला न्यायचे आहे : आसन, यंत्र आणि माइक यांबाबत मदत हवी आहे

जाणकारांस नमस्कार. पुढच्या आठवड्यात जळगावातील एका महाविद्यालयाच्या बंदिस्त सभागृहात बीटबॉक्सिंगचा, म्हणजे नुसत्या तोंडाने ड्रमसारखे ठेके वाजवण्याचा, कार्यक्रम आहे आणि माझ्या शहाद्याच्या मित्रासोबत मी तो पाहायला जाणार आहे. लहानपणच्या आजारात त्याची श्रवणशक्ती बरीच कमी झाली. तो दोन्ही कानांत श्रवणयंत्रे वापरतो आणि समोरच्याच्या ओठांकडे पाहून बोलणे समजून घेतो. कार्यक्रमाला जाण्याची कल्पना त्याचीच आहे, त्यामुळे ‘त्याला त्यात काय कळणार’ असे उत्तर कृपया कोणी देऊ नये. त्याला त्यातले अधिकात अधिक कसे मिळेल, एवढेच मला विचारायचे आहे.

त्याच्या ऑडिओग्रामवर (श्रवणचाचणीच्या आलेखावर) ५०० हर्ट्झपर्यंतचे, म्हणजे खालच्या स्वरातले, आवाज जवळजवळ तुमच्या-माझ्यासारखेच आहेत. २००० हर्ट्झच्या पुढे, वरच्या स्वरांत, मात्र आलेख एकदम कोसळतो. नेमकी इथेच अडचण सुरू होते. बीटबॉक्सिंगचा साधा ठेका तीन आवाजांवर उभा असतो आणि आपल्या वर्णमालेच्या हिशेबाने पाहिले तर ते ओठ, दात आणि कंठ अशा तीन जागांवरून निघतात. किक ड्रमसाठी (ड्रमसंचातला पायाने वाजवायचा मोठा ड्रम) ओठ घट्ट मिटून फोडलेला, स्वर नसलेला ‘ब’ असतो. हाय-हॅटसाठी (ड्रमसंचातली जोडझांज) दातांमागून सुटणारा ‘त्स’ असतो. आणि स्नेअरसाठी (कडक आवाजाचा छोटा ड्रम) एक तर ओठांवरचा ‘प्फ’ वापरतात किंवा जिभेचा मागचा भाग टाळूला लावून काढलेला ‘क’. हा ‘क’ बरेच कलाकार श्वास आत ओढताना काढतात, म्हणून त्यांना दम घेण्यासाठी ठेका थांबवावा लागत नाही. आता मित्राच्या बाजूने विचार केला, तर ‘ब’ खालच्या स्वरातला असल्यामुळे त्याला ऐकूही येतो आणि ओठांवर दिसतोही, ‘त्स’ची बहुतेक शक्ती वरच्या कंप्रतांत असल्यामुळे तो ऐकू येत नाही आणि दातांआड असल्यामुळे नीट दिसतही नाही, आतला ‘क’ तर पूर्णपणे तोंडात लपलेला. म्हणजे जे त्याला कानांनी मिळते तेच डोळ्यांनीही मिळते, आणि जे कानांनी सुटते ते डोळ्यांनीही सुटते. एरवी बोलण्यात ओठ आणि कान एकमेकांची उणीव थोडी तरी भरून काढतात, इथे तसे होण्याची शक्यता मला फार कमी वाटते.

त्यात माइकची भर पडते. कलाकार माइक ओठांना टेकवतो आणि बऱ्याचदा त्याची जाळी मुठीत धरतो, कारण माइक इतका जवळ असला की खालचा आवाज भरदार होतो. त्या मुठीआड तोंडाचा जवळजवळ सगळा भाग झाकला जातो. मी मोबाइलवर काही चित्रफिती त्याला दाखवल्या तेव्हा तो पडद्यावर बोट ठेवून म्हणाला, “माले त्यानं तोंड दखाले जोयजे, बाकीनं मी दखी लिसू.” अमेरिकेतील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका बीटबॉक्सरच्या मुखाचे चालते एमआरआय चित्रण केले होते आणि त्या कलाकाराला न येणाऱ्या भाषांमधल्या ध्वनींसारख्या हालचालीही त्यात आढळल्या होत्या. एवढे सगळे आत चालत असताना बाहेरून जे थोडे दिसते तेही मुठीआड जावे, याचे मला फार वाईट वाटते.

म्हणून पहिला प्रश्न आसनाचा आहे. पुढच्या रांगेत थोडे बाजूला बसले, तर माइकच्या कडेने ओठ आणि गाल दिसतील असा माझा अंदाज आहे, परंतु बाजूला बसले की एका स्पीकरच्या तोंडाशी बसल्यासारखे होईल. मोठ्या पडद्यावर चेहरा जवळून दाखवणार असतील तर मागे बसावे का? कॅमेऱ्यातून पडद्यावर चित्र यायला क्षणभर उशीर होतो, आणि ओठ वाचणाऱ्याला तेवढाही फरक खटकतो, हे मी त्याच्याबरोबर घरी दूरदर्शन संच पाहताना अनुभवले आहे.

दुसरा प्रश्न यंत्राचा. श्रवणयंत्रे मुख्यतः बोलण्याच्या पातळीसाठी घडवलेली असतात. मोठा आवाज आत शिरला की फाटतो. त्याच्या यंत्रात संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम आहे, पण ऑडिओलॉजिस्टची (श्रवणतज्ज्ञाची) भेट कार्यक्रमानंतर ठरली आहे. यंत्राच्या माइकवर पातळ चिकटपट्टी लावून आवाज थोडा कमी करतात असे वाचले, तो उपाय कोणी केला आहे का? की यंत्रे काढूनच ठेवावीत? उरलेली श्रवणशक्ती जपणे सर्वांत महत्त्वाचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मानकात अशा कार्यक्रमांसाठी सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सांगितली आहे, पण आपल्याकडे सभागृहात ती कोण मोजतो?

यंत्रे काढण्याचा विचार मनात येण्यास कारण आहे. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या होळीला आम्ही गेलो होतो, तेव्हा त्याने दोन्ही यंत्रे काढून सदऱ्याच्या खिशात ठेवली, एका मोठ्या ढोलापासून हातभर अंतरावर उभा राहिला आणि छातीवर तळहात ठेवून पायाने अचूक ठेका धरत राहिला. ढोलाची ती थाप सभागृहात मिळेल का, हे सबवूफर (खालच्या स्वरांचा स्पीकर) कुठे ठेवतात आणि बैठक लाकडी आहे की काँक्रीटची यावर अवलंबून असावे. कंप जाणवण्यासाठी कर्णबधिर श्रोते हातात फुगलेला फुगा धरतात असेही ऐकले आहे. प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी लिहावे.

तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. आयोजकांमार्फत कलाकाराला अशी विनंती करावी का, की एखादा ठेका त्याने माइक हनुवटीखाली धरून, तोंड मोकळे ठेवून आणि आतल्या ‘क’ऐवजी ओठांवरचा ‘प्फ’ घेऊन सादर करावा? आवाज थोडा पातळ होईल हे मला मान्य आहे. अशी विनंती कलाकाराला अपमानास्पद वाटेल, की तो आनंदाने करेल? स्वतः बीटबॉक्सिंग करणाऱ्या सदस्यांचे मत मला इथे विशेष हवे आहे.

भर : सांकेतिक भाषेच्या दुभाष्याविषयी दोघांनी विचारले आहे. मित्राला सांकेतिक भाषा येत नाही, त्यामुळे तो मार्ग आमच्यासाठी नाही. परतीच्या प्रवासाची काळजी करू नये, रात्री तो माझ्याकडेच मुक्कामाला राहणार आहे. आयोजकांना मी शनिवारी भेटणार आहे, तेव्हा निदान माइक आणि आसन यांबाबतचे प्रतिसाद त्याआधी मिळाले तर फार उपयोग होईल.