समन्स आलंय. फौजदारी वकील करायचा, की शेजाऱ्याची माफी मागून मोकळं व्हायचं?

नळस्टॉपकर
सिंहगड रस्त्यावरच्या सोसायटीत पार्किंगवरून दोन घरांत वाजलं. माझ्या भाच्याने हातातलं हेल्मेट फिरवलं आणि शेजाऱ्याच्या कपाळाला टाके पडले. भारतीय न्याय संहितेचं कलम ११८(१) लागलं, म्हणजे धोकादायक हत्याराने दुखापत. तीन वर्षांपर्यंत शिक्षा, दखलपात्र, अजामीनपात्र. अटक झाली नाही, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५(३) ची नोटीस आली, म्हणजे अटक न करता हजर राहायला सांगणारी. पठ्ठ्या एकटाच चौकीत गेला, जबाब दिला, वर स्वतःच्या हाताने हेल्मेट काढून दिलं. आता दोषारोपपत्र दाखल झालंय आणि शिवाजीनगर कोर्टाचं समन्स हातात आहे.

घरात दोन तट पडलेत. भावोजी म्हणतात, आपले नेहमीचे वकील आहेत, फ्लॅटचा करार त्यांनीच केला होता, तेच बघतील. माझं म्हणणं, रोज फौजदारी कोर्टात उभा राहणारा माणूस पाहिजे, आणि तो नोटीस आली त्याच दिवशी करायला हवा होता. 'आपण काही केलं नाही तर वकील कशाला' हे आपल्या पांढरपेशा घरांतलं खूळ आहे. वकील केला की आपण गुन्हेगार दिसू, असं वाटतं लोकांना. पोलीस ठाण्यात कुणी चेहरा बघून कलम लावत नाही. मतं येऊ द्या.

नारायणपेठी
शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. पोराने हेल्मेट मारलं ना? मग पेढ्यांचा पुडा घेऊन शेजाऱ्याकडे जा, दवाखान्याचं बिल भरा, हात जोडा. एकदा दोन काळे कोट मध्ये आले की शेजारी हा शेजारी राहत नाही, 'फिर्यादी' होतो. आमच्या वाड्यात भाडेकरूंची भांडणं डोकी फुटेपर्यंत जायची आणि दुसऱ्या दिवशी नळावर मिटायची.

नळस्टॉपकर
काका, वाड्यातल्या भांडणात एफआयआर नव्हता. हे सरकार विरुद्ध आरोपी असं प्रकरण आहे, शेजाऱ्याने 'जाऊ दे' म्हटलं तरी ते आपोआप जात नाही.

काळाकोट
फौजदारीत वकिली करतो, म्हणून थोडं सविस्तर. दोघांचंही अर्धं पटलं.

आधी काकांचं. साधी दुखापत, कलम ११५(२), असती तर जखमी माणूस स्वतः तडजोड करून प्रकरण मिटवू शकला असता. ११८(१) तसं मिटत नाही. तिथे दोघांनी मिळून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करून घ्यावा लागतो. ग्यानसिंग प्रकरणात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने हा रस्ता खुला असल्याचं सांगितलं, पण द्यायचं की नाही ते न्यायालयाच्या हातात. कोल्हापूरला ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, त्यात सातारा, सांगली, सोलापूर गेले. पुणेकरांना अजून मुंबईच. म्हणजे माफी मागितली तरी वकील लागणारच, फक्त कोर्ट बदललं.

आता नळस्टॉपकरांचं. 'स्पेशालिस्ट' हा शब्द ऐकला की आमच्यातले काही जण फी दुप्पट करतात. मोठं नाव भाड्याने घेता आणि तारखेला उभा राहतो कालच सनद मिळालेला ज्युनिअर. आधी एवढंच विचारा: उलटतपास तुम्ही स्वतः घेणार का? 'बघू' असं उत्तर आलं तर खुर्चीवरून उठा. करारनामेवाले वकील प्रामाणिक असतील, पण सातबारा वाचणं आणि साक्षीदाराला पंचनाम्यावर घेरणं ही वेगळी कामं आहेत.

तुमच्या कागदांत मी असतो तर आधी दोन ठिकाणी बोट ठेवलं असतं. ११८(१) ला असं साधन लागतं की ते हत्यार म्हणून वापरलं तर मृत्यू ओढवण्याची शक्यता असेल. हेल्मेट त्यात बसतं का, हा वादाचा मुद्दा आहे. वैद्यकीय दाखल्यात 'साधी जखम, कठीण व बोथट वस्तू' लिहिलंय का बघा. दुसरं, हेल्मेट जप्तीचा पंचनामा. फिर्यादीत काळं हेल्मेट आणि पंचनाम्यात लाल असं मी डोळ्यांनी पाहिलंय. पंच कोण आहेत? पोलीस ठाण्याबाहेरचा चहावाला आणि त्याचा पोऱ्या असेल तर उलटतपासाला चांगली सामग्री.

मुदतही आहे. आरोपी हजर झाल्यापासून १४ दिवसांत दोषारोपपत्राच्या प्रती मिळायला हव्यात आणि प्रती मिळाल्यापासून ६० दिवसांत दोषमुक्तीचा, म्हणजे खटला न चालवताच सोडण्याचा, अर्ज करता येतो (त्याच संहितेचं कलम २३० आणि २६२). हे ६० दिवस 'चांगला वकील शोधतोय' म्हणत घालवणारे खूप बघितले.

हिंजवडीकर
पण त्याने चौकीत सगळं खरंच सांगितलं असेल तर आता काय उरलं? खरं बोलणाऱ्याला काय भीती?

काळाकोट
पोलिसांसमोरचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. पण आरोपी कोठडीत असताना त्याच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या सांगण्याचा तेवढा भाग चालू शकतो. साक्ष अधिनियमात याला पूर्वी २७ होतं, आता २३ चं परंतुक. इथे भाच्याने नोटिशीवर जाऊन हेल्मेट काढून दिलंय, अटक नाही. मग याला 'कोठडीत' म्हणायचं का यावर वाद घालता येतो. पण वाद घालायला कुणीतरी लागतं. सोबत वकील असता तर तो चौकीत ओरडला नसता, 'हेल्मेट मागितलं तर लेखी घ्या' एवढंच म्हणाला असता. राज्यघटनेचं २०(३) स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करू देत नाही, आणि अटक झालेल्याला चौकशीच्या वेळी वकिलाला भेटायचा हक्क नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३८ मध्ये आहे. पूर्ण वेळ शेजारी बसवायचा नाही, पण भेटता येतं.

रामटेकडी
तुमची चर्चा कोथरूड ते हिंजवडी फिरतेय, जरा हडपसरकडे या. माझा धाकटा भाऊ गॅरेजात काम करतो. मारामारीत नाव आलं, अटक झाली, येरवड्यात गेला. आईने दागिने मोडून एका मोठ्या वकिलाला पैसे दिले. साहेब जामिनाच्या तारखेला आलेच नाहीत, ज्युनिअरने 'साहेब दुसऱ्या कोर्टात आहेत' म्हणून तारीख मागून घेतली. शेवटी जेलमधूनच भावाने मोफत वकिलाचा अर्ज केला आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या लोकअभिरक्षक कार्यालयातल्या बाई उभ्या राहिल्या. कागद वाचून आल्या होत्या. जामीन मिळाला.

हे वकील खासगी प्रॅक्टिस करत नाहीत, पूर्ण वेळ आरोपींचंच काम बघतात. कोठडीतला माणूस, महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांना महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांची मर्यादा आहे. १५१०० वर फोन करता येतो. फुकट म्हणजे टाकाऊ ही पांढरपेशी समजूत आहे, नळस्टॉपकर. तुमचेच शब्द तुम्हाला परत.

नळस्टॉपकर
शब्द पदरात घेतले. पण एकेकाच्या डोक्यावर किती फायली असतात? भाच्याचं उत्पन्नही मर्यादेबाहेर आहे.

रामटेकडी
खासगी वकिलाकडे किती फायली असतात ते विचारलंत का कधी?

वारजे_माहेर
मी दुसऱ्या बाजूची. माझ्या नवऱ्याला गाडी काढण्यावरून मारहाण झाली, दोन दात गेले. समोरच्याने तगडा वकील केला. त्या दिवसापासून प्रत्येक तारखेला काहीतरी. आज आरोपी आजारी, आज वकील हायकोर्टात, आज साक्षीदार परत पाठवा. नवरा अर्धा दिवस रजा टाकून कोर्टाच्या व्हरांड्यात उभा राहतो. पुकारा होतो, पुढची तारीख पडते, घरी. तुम्ही सगळे आरोपीला कसं वाचवायचं ते शिकवताय. जखमीचं काय?

आणि 'बोथट वस्तू' वगैरे ऐकून मला चीड आली. कपाळाला टाके पडलेत ना?

काळाकोट
ताई, चीड रास्त आहे. तहकुबीला कायद्यात मर्यादा आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४६ प्रमाणे समोरच्याच्या अडचणीमुळे फार तर दोन तहकुब्या, त्याही कारणं लिहून. सरकारी वकिलांना सांगा, 'से' मध्ये, म्हणजे त्यांच्या अर्जावरच्या लेखी म्हणण्यात, हरकत नोंदवा. तुम्ही स्वतःचा वकील नेमून सरकारी वकिलांना मदतही करू शकता, न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. वेळकाढूपणा हे बचाव पक्षाचं कामच आहे असं समजणारे वकील आहेत आणि मला ते आवडत नाहीत. पण जखम कशाने झाली हा प्रश्न विचारणं म्हणजे वेळकाढूपणा नव्हे. शिक्षा एका वर्षापर्यंत की तीन वर्षांपर्यंत, हे त्यावर ठरतं.

वारजे_माहेर
ही दोन तहकुब्यांची गोष्ट तुम्ही न्यायाधीशांना सांगा एकदा. आम्ही दोनाच्या पुढे कधीच गेलोय.

टिळकरोड_स्पष्टवक्ता
मुळात ज्याने मारलंय हे सगळ्यांना माहीत आहे त्याला वकील का? व्हिडिओ असेल, साक्षीदार असतील. सरळ शिक्षा करा.

काळाकोट
कसाबला वकील दिला होता. पहिल्यांदा दंडाधिकाऱ्यासमोर उभं करतात तेव्हापासूनच आरोपीला विधी साहाय्य द्यायला हवं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली त्याच्याच निकालात लिहिलंय. तो निकाल ऑगस्टमधला आणि नोव्हेंबरमध्ये फाशी झाली, आपल्या येरवड्यात. वकील होता म्हणून सुटला नाही. आणि आरोपीचं वकीलपत्र घ्यायचं नाही असा ठराव वकील संघटना करू शकत नाहीत, तो बेकायदा आहे, हेही २०१० मध्ये ठरलंय. पार्किंगवाल्या भाच्याला त्याहून कमी द्यायचं का?

हिंजवडीकर
एक वेगळा मुद्दा, कारण माझ्या टीममध्ये घडलं. मित्राला दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं, मोटार वाहन कायद्याचं १८५. कुणीतरी सांगितलं, 'कबूल कर, दंड भर, दहा मिनिटांचं काम.' भरला. पुढे कंपनीच्या बॅकग्राउंड तपासणीत आणि व्हिसाच्या फॉर्मवर प्रश्न आला: कधी दोषी ठरला आहात का? आता तो 'हो' लिहितो आणि खाली स्पष्टीकरण जोडतो. दंड म्हणजे पार्किंगची पावती नव्हे, दोषसिद्धी आहे, हे त्याला कुणीच सांगितलं नव्हतं.

शिवाय खटला चालू असताना पासपोर्ट. नूतनीकरणाला कोर्टाची परवानगी लागते, आणि आदेशात मुदत लिहिलेली नसेल तर पासपोर्ट एकाच वर्षाचा मिळतो. भाचा आयटीत असेल तर वकिलाला हे पहिल्या भेटीत सांगा. परवानगीच्या अर्जात 'दहा वर्षांसाठी' असं मागायचं सुचलं नाही तर दर वर्षी तोच खेळ.

नारायणपेठी
म्हणजे पेढ्यांपेक्षा महागच पडलं की सगळं! फीचं कुणी बोलत नाही.

काळाकोट
बोलतो. टप्प्याटप्प्याने ठरवा: जामीन, दोषमुक्ती अर्ज, साक्षी, युक्तिवाद. दर तारखेला पैसे ठरवले तर तारखा वाढण्यात कुणाचा फायदा आहे ते तुम्हीच बघा. 'सुटलात तर इतके' अशी फी वकिलाला घेताच येत नाही, बार कौन्सिलचा नियम आहे. 'साहेबांना द्यायला वेगळे काढून ठेवा' म्हणणाऱ्याकडून फाईल त्या क्षणी परत घ्या. ती तुमची आहे. फी थकली म्हणून वकील कागद अडवून धरू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितलं आहे. मात्र निकालानंतर चिडून ग्राहक मंचात जायचा विचार असेल तर तो रस्ता मे २०२४ मध्ये बंद झाला. तक्रार बार कौन्सिलकडे.

वकीलपत्रावर सही करण्याआधी ते भरलेलं आहे ना ते बघा. ई-कोर्ट्सच्या ॲपवर सीएनआर, म्हणजे खटल्याचा ओळख क्रमांक, टाकून मागच्या तारखेला काय झालं ते स्वतः वाचा. 'तुम्ही येऊ नका, मी बघतो' असं वारंवार ऐकू आलं तर सावध व्हा. आरोपी गैरहजर राहिला की वॉरंट त्याच्या नावाने निघतं, वकिलाच्या नाही.

नळस्टॉपकर
समन्सच्या तारखेला लगेच आत टाकतील का? बहिणीने दोन दिवस जेवण सोडलंय.

काळाकोट
तपासात सहकार्य केलं, अटक झाली नाही, सात वर्षांच्या आतला गुन्हा. अशांनी समन्सवर हजर झाल्यावर कोठडीत न घालता जामीन विचारात घ्यावा, असं २०२२ च्या सतेंदर कुमार अंतिल निकालात आहे. जामीनदार सोबत न्या, त्याचं आधार आणि घराची टॅक्स पावती घेऊन. सकाळी अकराच्या आत पोचा. मेट्रोने जा, तिथे गाडी लावायला गेलात तर पार्किंगवरून दुसरा गुन्हा दाखल होईल.

नारायणपेठी
चेष्टा पुरे. मी अजून म्हणतो, आधी शेजाऱ्याकडे जावं. वकिलाला सांगून जा, पण जा. मुंबईला गुन्हा रद्द करायला शेजाऱ्याचं प्रतिज्ञापत्र लागणारच ना? की ते तुमचा स्पेशालिस्ट आणून देणार?

काळाकोट
इथे काकांना शंभर टक्के. फक्त एकट्या भाच्याला पाठवू नका, दबाव टाकल्याची नवी तक्रार होते. घरातलं वडीलधारं माणूस जाऊ दे, आणि पैशांचं बोलणं वकिलासमोरच.

नळस्टॉपकर
भावोजी जातील. शेजारी मुंबईला यायला तयार झाले तर भाडं कुणाचं, हे आत्ताच विचारून ठेवतोय.

नारायणपेठी
भाच्याचं. दादरला जेवणही त्यानेच घालायचं.

वारजे_माहेर
आणि शेजारी नाही म्हणाले तर?

नळस्टॉपकर
मग ६० दिवसांचा हिशेब सुरू. उद्या दोन वकिलांना भेटतोय, दोघांना उलटतपासाचा प्रश्न विचारणार आहे. काय म्हणतात ते इथेच लिहितो.