मदत हवी आहे: ल्युसिड ड्रीमिंग, झोप आणि कामावरच्या चुका

अमळनेरी (सोमवार, पहाटे 3.48)
ज्यांना ल्युसिड ड्रीमिंगचा (स्वप्नात असतानाच हे स्वप्न आहे असं कळण्याचा) स्वतःचा अनुभव आहे त्यांनीच लिहा, बाकीच्यांनी कृपया टाइमपास करू नका. दिवाळीपासून करतोय. माइल्ड आणि डब्ल्यूबीटीबी, दोन्ही. आतापर्यंत सहा वेळा जमलं, रिअ‍ॅलिटी चेक (आत्ता जागा आहे की स्वप्नात, ते तपासणं) दिवसातून दहा-बारा वेळा चालू आहेत. प्रॉब्लेम असा की कामावर चुका व्हायला लागल्यात, परवा मोठी झाली. छंद सोडायचा नाहीये आणि सीझन संपेपर्यंत रजा मिळणार नाही. झोपेचं गणित कसं बसवायचं? लवकर सांगा.

तापीकाठ (सोमवार, सकाळी 7.20)
लवकर सांगतो, पण आधी तू सांग. काम काय करतोस? सीझन कसला? रात्री पाठ कधी टेकतोस? आणि ते माइल्ड म्हणजे काय? मला तर सिगारेटच वाटली. धागा तुझा, घाई तुझी आणि माहिती शून्य.

अमळनेरी (सोमवार, सकाळी 8.05)
काट्यावर आहे. 11-12 ला झोपतो. माइल्ड म्हणजे मध्येच जाग आली की आधीचं स्वप्न आठवायचं आणि "पुढच्या वेळी स्वप्नात असेन तेव्हा हे स्वप्न आहे हे माझ्या लक्षात येईल" असं घोकत परत झोपायचं. डब्ल्यूबीटीबी म्हणजे चार-पाच तास झोपून गजराने उठायचं, अर्धा तास जागं राहायचं, परत झोपायचं. हे गूगलवर मिळतं हो.

एकच_शंका (सोमवार, सकाळी 9.40)
स्वप्नात आपण स्वप्नात आहोत हे कळतं म्हणे! कळलं म्हणजे तुम्ही जागेच असता, नुसते डोळे मिटलेले असतात. ज्याला सकाळी सातला कामावर जायचं नसतं त्याचे हे उद्योग.

तारामंडळ (सोमवार, सकाळी 10.15)
एकच_शंका, हा वाद 1975 सालीच मिटलाय. इंग्लंडमध्ये हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी अ‍ॅलन वर्सली नावाच्या माणसाला तारा लावून झोपवलं होतं. या स्वप्नांच्या झोपेत अंग लुळं पडलेलं असतं, पण डोळ्यांचे स्नायू मोकळे असतात. म्हणून आधीच ठरवून ठेवलं होतं की स्वप्नात भान आलं की डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवायचे. कागदावर ती खूण उमटली, आणि मेंदूचा आलेख त्या वेळी झोपेचाच होता. नंतर अमेरिकेत स्टॅनफर्डला स्टीफन लाबर्ज यांनी हेच स्वतंत्रपणे दाखवलं. माइल्डही त्यांचंच.

एकच_शंका (सोमवार, सकाळी 10.31)
बरं, असेल. त्याने पगार वाढतो का?

ओंकारध्वनी (सोमवार, सकाळी 11.02)
पाश्चात्त्यांना 1975 मध्ये कळलं ते आपल्याकडे मांडूक्य उपनिषदाच्या अवघ्या 12 मंत्रांत आहे. जागृती, स्वप्न, सुषुप्ती (गाढ झोप) आणि तुरीय (या तिन्हींपलीकडची अवस्था). धागाकर्त्याने गजर-बिजर सोडून रोज दुपारी वीस मिनिटं योगनिद्रा करावी. मांसाहार बंद करावा. डोकं दक्षिणेला करून झोपावं.

अमळनेरी (सोमवार, दुपारी 1.10)
दुपारी वीस मिनिटं? काट्यावर?

तापीकाठ (सोमवार, दुपारी 1.25)
कसला काटा रे बाबा? सोन्याचा, भाजीचा की घड्याळाचा?

अमळनेरी (सोमवार, रात्री 11.36)
भुईकाटा. जिनिंगमध्ये. कापसाचे ट्रॅक्टर येतात, आधी भरलेलं वजन, मग आत कापूस खाली करून आले की खाली गाडीचं वजन, वजाबाकी करून पावती. वाटलं होतं कळेल.

निशिगंधा (मंगळवार, सकाळी 6.50)
दवाखान्यात नर्स आहे, निम्मी नोकरी रात्रपाळीत गेली, म्हणून लिहिते. तीन प्रश्न. एक, 11-12 म्हणजे नक्की किती? दोन, गजर कितीचा? तीन, कामावर जाता-येता कशाने? तुमची पहिली पोस्ट पहाटे 3.48 ची आहे आणि कालची रात्री 11.36 ची. मला उत्तर दिसतंय, पण तुमच्या तोंडून ऐकायचंय.

यंत्रवेडा (मंगळवार, सकाळी 9.12)
भावा, गजर जुना झाला. डोळ्यांवर बांधायचे पट्टे मिळतात, स्वप्न सुरू झालं की आत लाल दिवे लुकलुकतात. आणि गॅलँटामीन नावाची गोळी आहे, परदेशात बरेच जण घेतात. त्याने जमायची शक्यता वाढते. मागवायची असेल तर व्यनि (खासगी मेसेज) कर.

निशिगंधा (मंगळवार, सकाळी 9.30)
यंत्रवेडा, ती स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना देतात, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. छंदासाठी गोळ्या वाटू नका. संपादक, ही पोस्ट बघा.

यंत्रवेडा (मंगळवार, सकाळी 9.41)
वाटत नाहीये ताई, माहिती देतोय. इथे माहिती द्यायची पण चोरी झालीय.

केळीवाला_रावेर (मंगळवार, सकाळी 10.20)
मी काय म्हणतो भो, एवढा खर्च कशाले? आमच्याकडे केळीले पाणी भरायची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळी आली का मी दोन वाजता उठतो, मोटार चालू करतो, वावरातच खाटेवर पडतो. मागच्या थंडीत असंच पडलो अन् परत मोटार चालू कराले गेलो. स्टार्टरचं बटण दाबलं तं आवाजच नाही. पायाकडे पाह्यलं, पायात चप्पल नाही अन् थंडी बी नाही. म्हटलं रावेरात जानेवारीत अनवाणी अन् थंडी वाजत नाही? हे तं सपन! मंग काय, मोटार सोडली अन् केळीच्या शेंड्यावरून चालत गेलो. पानं अशी मऊ लागत होती पायाले. तुम्ही ज्याच्यासाठी गजर लावता ते मले फुकट भेटते. पण दुसऱ्या दिवशी डोकं भणभणते हे खरं.

अमळनेरी (मंगळवार, दुपारी 2.15)
केळीवाला भाऊ, हेच! हाच तो क्षण!! यासाठीच करतो मी.
निशिगंधा ताई, घरी यायला साडेदहा-अकरा होतात, जेवून थोडा मोबाईल, बारा. गजर 3.30. सकाळी साडेसहाला उठतो. मोटरसायकल, एका बाजूने 18 किलोमीटर.
एक सांगायचं राहिलं. गजराने आई पण उठते. तिला वाटतं मला लवकर निघायचंय, म्हणून ती चहा टाकते. दोनदा सांगितलं नको म्हणून, तरी टाकते. नाही कसं म्हणणार.

तापीकाठ (मंगळवार, दुपारी 2.31)
म्हणजे पहाटे पावणेचारला आलं घालून चहा पितोस आणि मग झोपायला जातोस! धन्य.

सोनचाफा (मंगळवार, दुपारी 3.00)
माझा वेगळा प्रश्न आहे. पहाटेची स्वप्नं खरी होतात असं म्हणतात. मला सारखा दात पडल्याचं दिसतं. कोणी सांगेल का?

निशिगंधा (मंगळवार, दुपारी 4.10)
अमळनेरी, हिशोब करा. बारा ते साडेतीन, साडेतीन तास. मग अर्धा तास तुमची साधना, वर चहा. परत डोळा लागायला साडेचार-पावणेपाच. साडेसहापर्यंत पावणेदोन-दोन तास. एकूण साडेपाचच्या वर जात नाहीत. मोठ्या माणसाला सात तरी लागतात. अडीच महिने हे चाललंय.
दुसरं, हे तुमच्या छंदाच्याच विरुद्ध आहे. झोपेचं एक चक्र साधारण दीड तासाचं. सुरुवातीच्या चक्रांत स्वप्नांचा भाग थोडा असतो, तो पहाटेकडे वाढत जातो. सात-आठ तास झोपणाऱ्याला शेवटच्या दोन तासांत जेवढं मिळतं, ते तुम्ही साडेसहाला उठून सोडून देता. सहाच वेळा जमलं त्याचं कारण तंत्रात नाही, गादीवर कमी वेळ असण्यात आहे.
गाडीवर कधी डोळा लागला का? खरं सांगा.

अमळनेरी (मंगळवार, रात्री 11.20)
एकदा लागल्यासारखं झालं. धुकं होतं, वाटलं धुक्यामुळेच. बाजूला घेऊन थांबलो, तोंडावर पाणी मारलं.

निशिगंधा (बुधवार, सकाळी 6.40)
धुक्याने डोळा लागत नाही. अपघात विभागात असे "लागल्यासारखं झालं"वाले आम्ही पाहतो, ते धागे काढायला उरत नाहीत. आजपासून गजर बंद. पुढचं नंतर.

एकच_शंका (बुधवार, सकाळी 9.05)
या एका मुद्द्यावर ताईंशी सहमत. मोठी चूक काय झाली ते अजून सांगितलंच नाही यांनी.

अमळनेरी (बुधवार, दुपारी 1.40)
सांगतो. दोन ट्रॅक्टर पाठोपाठ होते. पहिल्याचं भरलेलं 6,240 किलो, दुसऱ्याचं 5,980. आत खाली करून दुसरा आधी बाहेर आला. कॉम्प्युटरवर गाडी नंबर निवडायचा असतो, मी पहिल्याचा निवडला. त्याच्या खाली गाडीचं 3,410 हे पहिल्याच्या नावावर पडलं आणि पहिल्याचं 3,650 दुसऱ्याच्या. एकाला 240 किलो जास्त, एकाला 240 कमी. सात हजार भाव धरला तरी 16,800 रुपये इकडचे तिकडे. दुसरा शेतकरी बाहेर काटा करून आला होता म्हणून सापडलं. शेठ काही बोलले नाहीत. नुसतं विचारलं, "हाताला काय झालंय रे तुझ्या?" कारण मी तळव्यात बोट खुपसून बघत होतो. रिअ‍ॅलिटी चेक.

तापीकाठ (बुधवार, दुपारी 1.58)
खुपसून बघत होतो 😂 शेठला वाटलं असेल पोराला खरूज झाली.

तारामंडळ (बुधवार, दुपारी 2.20)
स्वप्नात बोट आरपार जातं, म्हणून तो चेक. पण कामावर दुसरा कोणता करतोस? आकडे दोनदा वाचण्याचा?

अमळनेरी (बुधवार, दुपारी 2.34)
हो. एकदा वाचायचं, नजर फिरवायची, परत वाचायचं. स्वप्नात बदलतं. माझ्यासमोर डिस्प्ले असतोच दिवसभर.

तापीकाठ (बुधवार, दुपारी 2.50)
अरे देवा. मी वीस वर्षं ट्रान्सपोर्टमध्ये आहे. गाडी काट्यावर चढली की आकडा नाचतोच! ड्रायव्हर उतरेपर्यंत, ट्रॉली हलायची थांबेपर्यंत तो खाली-वर होणार. तू वजन करणारा माणूस, आकडा बदलला की "मी झोपेत आहे का" असा विचार करत बसतोस. मग गाडी नंबर चुकणार नाही तर काय! तो चेक कामावर बंद कर. नाक दाबून श्वास येतो का बघ, तेही जेवणाच्या सुट्टीत, शेठकडे पाठ करून.

अमळनेरी (बुधवार, दुपारी 3.02)
हे डोक्यातच आलं नव्हतं.

ओंकारध्वनी (बुधवार, सायंकाळी 5.15)
रात्रीचं जेवण काय असतं? तामसी आहार हे मूळ आहे.

अमळनेरी (बुधवार, रात्री 11.05)
काल भरीत-भाकरी होती. मळ्यात पार्टी होती.

केळीवाला_रावेर (गुरुवार, सकाळी 7.30)
भरीत तामसी? बामणोदचं वांगं, कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं, बडगीत हिरव्या मिरचीसंगं ठेचलेलं, याच्याहून सात्त्विक काय असते भो? तेल कच्चं टाका, फोडणी द्यायची नाही.

तापीकाठ (गुरुवार, सकाळी 7.44)
फोडणी द्यायची नाही? शेंगदाणे, कांद्याची पात आणि फोडणी नसेल तर त्याला चटणी म्हणा.

सोनचाफा (गुरुवार, सकाळी 8.10)
आमच्याकडे धुळ्याला फोडणी देतात. कोणी दातांचं सांगता का?

संपादक (गुरुवार, सकाळी 10.00)
भरिताचा वेगळा धागा काढावा. औषधाविषयीची पोस्ट राहू दिली आहे, त्याखालचा निशिगंधा यांचा खुलासा वाचावा.

निशिगंधा (गुरुवार, दुपारी 4.30)
अमळनेरी, सीझनमध्ये रोजचा गजर नाही. मोबाईल दुसऱ्या खोलीत, साडेअकराला पाठ टेकायची. आंघोळ-डबा रात्रीच उरकून ठेवा म्हणजे सकाळचा अर्धा तास वाचेल. स्वप्न आठवलं तर दोन ओळी लिहा, बास. सुट्टी कधी असते? त्याच्या आदल्या रात्री लवकर झोपा आणि सकाळी पडून राहा. आपोआप जाग आली तर माइल्ड करा. आणि मध्येच जाग येऊन अंग हलेनासं झालं, छातीवर कोणी बसल्यासारखं वाटलं तर घाबरू नका, थोड्या वेळात सुटतं. वारंवार व्हायला लागलं तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

अमळनेरी (गुरुवार, रात्री 10.58)
रविवारी पण चालू असतं. अमावस्येला खरेदी बंद असते.

एकच_शंका (गुरुवार, रात्री 11.10)
अमावस्येच्या रात्री उठून काहीतरी पुटपुटणारा मुलगा. आईचं काय होईल याचा विचार केलाय का?

अमळनेरी (गुरुवार, रात्री 11.14)
गजर लावणार नाहीये ना आता. आईला सांगितलं, सुट्टी आहे, आठ वाजेपर्यंत उठवू नको. तिने कपाळाला हात लावून ताप बघितला.

निशिगंधा (गुरुवार, रात्री 11.16)
11.14 झालेत. मोबाईल ठेवा.

अमळनेरी (अमावस्येच्या दिवशी, सकाळी 9.25)
काल साडेदहाला झोपलो. सहाला एकदा आपोआप जाग आली, आई अंगणात झाडत होती, चहा नाही. परत झोपलो. काट्यावर होतो. ट्रॅक्टर चढला, ट्रॉली हलतेय, पोरं वरून उड्या मारतायत आणि डिस्प्लेवरचा आकडा गाडी चढल्या चढल्या थांबला. हलेचना. पोरं उड्या मारतायत तरी हलेना. तिथेच कळलं. खुर्चीतून उठलो, केबिनचा दरवाजा उघडायचे सुद्धा कष्ट घेतले नाहीत, सरळ भिंतीतून बाहेर गेलो आणि कापसाच्या गंजीवर पालथा पडलो. कोमट होती. बराच वेळ होतो. आठला आईने उठवलं.

तारामंडळ (अमावस्येच्या दिवशी, सकाळी 9.40)
उलटा रिअ‍ॅलिटी चेक! जग बदललं की नाही हे नाही, थांबलं की नाही हे बघायचं. हे कुठे वाचलेलं नाही.

केळीवाला_रावेर (अमावस्येच्या दिवशी, सकाळी 10.05)
वजन किती भरलं ते तं सांग भो.

अमळनेरी (अमावस्येच्या दिवशी, सकाळी 10.12)
5,980.