पहिला ट्रोपोनिन नॉर्मल आला तरी थांबा
"छातीत दुखायला लागल्यावर तासाभरात रक्त तपासलं, ट्रोपोनिन नॉर्मल आलं, मग घरी जायला काय हरकत?" असं एकानं विचारलंय. हरकत आहे! हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन रक्तात उतरतं, पण तपासणीत दिसण्याइतकं वाढायला बहुधा ३-४ तास जातात. (ट्रोपोनिनला कुणी एन्झाइम म्हणतं, पण ते खरं तर एन्झाइम नव्हे, प्रथिन. एन्झाइम म्हणजे सीके-एमबी, हृदयाची इजा ओळखायला पूर्वी तपासलं जाणारं, ज्याची पातळी २-३ दिवसांत पुन्हा खाली येते. ट्रोपोनिन आठवडाभर तरी चढलेलं राहतं.)

माझ्या काकांचा ईसीजी आणि पहिला रिपोर्ट, दोन्ही नॉर्मल होते. काकू पिशवी उचलून निघालीच होती. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी थांबवून घेतलं, ३ तासांनी पुन्हा रक्त काढलं, तर आकडा कितीतरी पटींनी वर! त्याच रात्री अँजिओप्लास्टी झाली. दुसरं सॅम्पल दिल्याशिवाय कृपा करून निघू नका.